‘हिटलरची गाडी’ म्हणजे नेमकी कोणाची?
रॉबर्ट क्लारा यांचे ‘द डेव्हिल्स मर्सिडीज’ वाचताना आठवलेली माझी एक चूक

आपल्या मंडळाच्या टिपणांत माझ्या नावावर एक लेख आहे, २०१२ सालचा. इंदूरच्या होळकर संस्थानातल्या मोटारींवर. त्यात एका फोटोखाली मी लिहिलं होतं, ‘महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांची सुपरचार्जर असलेली मर्सिडीज’. ही ओळ चुकीची आहे. ती किती ठिकाणी उतरवली गेली हे मोजायचं मी आता सोडून दिलंय. ज्या पुस्तकाबद्दल लिहायला बसलोय ते वाचताना ही ओळ मला सारखी टोचत होती, म्हणून आधी कबुली देऊन टाकतो. पुस्तकाकडे वळतो, चुकीकडे नंतर परत येऊ.

रॉबर्ट क्लारा हे अमेरिकन पत्रकार-लेखक. अध्यक्ष रूझवेल्टच्या अंत्ययात्रेच्या आगगाडीवर त्यांचं एक पुस्तक आहे, व्हाइट हाउसच्या पुनर्बांधणीवर दुसरं. म्हणजे एखादी वस्तू किंवा वास्तू धरायची आणि तिच्याभोवतीची माणसं गोळा करत जायची, ही त्यांची रीत. २०१७ च्या या पुस्तकात त्यांनी दोन मोटारी धरल्या आहेत. दोन्ही मर्सिडीज-बेंझ ७७०, दोन्ही युद्धानंतर अमेरिकेत पोहोचलेल्या, आणि दोघींभोवती हिटलरच्या नावाचं वलय. वाचकांत मोटारवाले कमी आणि इतिहासवाले जास्त आहेत, तेव्हा आधी गाडीबद्दल थोडं.

७७० ही गाडी १९३० च्या पॅरिस प्रदर्शनात आली. जर्मन लोक तिला ‘ग्रोसर’, म्हणजे थोरली, म्हणत. जगभर मंदीची झळ बसत होती त्याच वर्षी ही निघाली, यातच तिचं गिऱ्हाईक कोण ते कळतं. एका ओळीत आठ सिलिंडर, ७,६५५ घनसेंटिमीटरचं इंजिन. साधं चालवलं तर १५० अश्वशक्ती. अॅक्सिलरेटर तळाला टेकवला की क्लचने सुपरचार्जर जोडला जायचा आणि आकडा २०० वर जायचा. पहिली मालिका १९३८ पर्यंत चालली, त्यात ११७ गाड्या झाल्या. हद्दपारीत हॉलंडला राहणाऱ्या माजी कैसरकडे एक होती, जपानच्या सम्राटाच्या ताफ्यात अनेक होत्या. १९३८ मध्ये चासी पूर्ण बदलली. अंडाकृती नळ्यांची चौकट, चारी चाकांना कॉइल स्प्रिंग, मागे द दियाँ अॅक्सल, पाच गिअर. सुपरचार्जर धरून २३० अश्वशक्ती. या दुसऱ्या मालिकेच्या ८८ गाड्या झाल्या, १९४३ पर्यंत.

८८ हा आकडा लक्षात ठेवा. मी पीथमपूरच्या कारखान्यांत पंचवीस वर्षं काढली, बहुतेक काळ गिअर कापण्याच्या विभागात. जिथे एखादी वस्तू लाखाने निघते तिथे एका नगाचा माग काढणं कठीण. जिथे एकूण ८८ निघाल्या, आणि प्रत्येकीची ऑर्डर वेगळी नोंदली गेली, तिथे ‘ही गाडी कोणाची होती’ या प्रश्नाला उत्तर असायलाच हवं. तरी या दोन गाड्यांच्या बाबतीत ते उत्तर वर्षानुवर्षं चुकीचं सांगितलं गेलं. का, हाच माझ्या दृष्टीने या पुस्तकाचा खरा विषय. क्लारांच्या दृष्टीने तो असेलच असं नाही. त्यांना गर्दीत जास्त रस आहे.

पहिली गाडी शिकागोच्या ख्रिस्तोफर जेनसची. हा आयात-निर्यातीतला माणूस. स्वीडनमधल्या एका कंपनीकडे त्याचं येणं होतं, पैशाऐवजी मोटार घेतोस का असं विचारणं झालं, आणि हा हो म्हणाला. १९४८ च्या उन्हाळ्यात ग्रिप्सहोल्म जहाजातून गाडी न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरली. पुढे काय झालं असेल ते आपल्याकडच्या जत्रा पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. तिकीट काढून लोक बघायला आले. कोणी शिव्या दिल्या, कोणाला आत बसून फोटो काढायचा होता. पैसा धर्मादाय कामालाही गेला. हा भाग क्लारांनी रंगवून लिहिलाय, आणि मी तो हसत वाचला. तीन वर्षांपूर्वी ज्या माणसाशी युद्ध संपलं त्याच्या गादीवर बसायला रांग लागते, यातली विचित्र भूक त्यांनी फार उपदेश न करता दाखवलीय.

पण ही गाडी हिटलरची होती का? ती डिसेंबर १९४१ मध्ये फिनलंडच्या मार्शल मॅनरहाइमना भेट दिलेली गाडी होती. देणारा हिटलर, म्हणून नाव हिटलरचं. म्हणजे दात्याचं नाव वस्तूला चिकटलं आणि ज्याच्या दारात ती उभी होती त्याचं गळून पडलं. मॅनरहाइमची गाडी बघायला अमेरिकेत कोण तिकीट काढणार होतं?

दुसरी गाडी मला जास्त महत्त्वाची वाटते. मे १९४५ मध्ये जो अझारा नावाच्या अमेरिकन सार्जंटला ती ऑस्ट्रियाच्या सीमेजवळ लाउफेनला रेल्वेच्या उघड्या वॅगनवर सापडली. एवढी भपकेबाज गाडी, आणि आसपासचा मुलूख नाझी बड्यांच्या बंगल्यांचा. ती गोअरिंगची असं धरलं गेलं. गोअरिंगचा शौक जगजाहीर होता, त्यामुळे कोणी फारशी शंका घेतली नाही. गाडी अमेरिकेला गेली, युद्धकर्जाच्या प्रचारात गावोगाव फिरली, मग सैन्याच्या गोदामात पडली, विकली गेली, कॅनडात पोहोचली, आणि १९७० मध्ये ओटावाच्या युद्धसंग्रहालयाला दान झाली. तिथेही पाटी गोअरिंगचीच.

ही पाटी बदलली ती संग्रहालयाच्या ग्रंथपालामुळे. लुडविग कोशे त्यांचं नाव. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ते या गाडीच्या मागे लागले. कारखान्याची नोंद, नंबरप्लेटचे आकडे आणि जुने फोटो हे तीन धागे त्यांनी एकमेकांना लावून पाहिले. निष्कर्ष निघाला की गाडी गोअरिंगची नव्हेच, ती बर्लिनच्या राइश चॅन्सेलरीच्या ताफ्यातली, हिटलरच्या वापरातली. गंमत बघा. जी ‘हिटलरची’ म्हणून मिरवली ती मॅनरहाइमची निघाली, आणि जी ‘गोअरिंगची’ म्हणून कोपऱ्यात उभी होती ती हिटलरची निघाली.

पुस्तकातला हा सगळ्यात चांगला भाग. माझी तक्रार एवढीच की कोशेंना आणखी पानं हवी होती. गर्दी, मालक, लिलाव यांत पुस्तक बराच वेळ रमतं. १९७३ मध्ये अॅरिझोनातल्या एका लिलावात एक ७७० ‘हिटलरची’ म्हणून १ लाख ५३ हजार डॉलरना गेली, तेव्हाचा विक्रम होता तो. असे आकडे वाचायला मजा येते. पण मला त्या ग्रंथपालाच्या टेबलावर बसायचं होतं. कोणत्या फोटोत कोणता दिवा दिसतो, कोणत्या नोंदीतला कोणता आकडा जुळत नाही, त्या दिवशी तो वैतागून घरी गेला का. कारखान्यात तुटलेला गिअर परत आला की आम्ही त्याचा हीट नंबर शोधायचो, मग बॅच, मग त्या पाळीचं रजिस्टर. पाच कागद जुळतात आणि सहावा जुळत नाही, तेव्हा खरं काम सुरू होतं. मला वाटतं, क्लारांचा हात गर्दी दाखवताना जास्त मोकळा चालतो. सामान्य वाचकासाठी ते ठीकच असेल, माझ्यासारख्याची निराशा होते.

दुसरी तक्रार नावाची. ‘सैतानाची मर्सिडीज’. प्रकाशकाला असं नाव लागतं, समजतं मला. पण आठ सिलिंडरच्या लोखंडात सैतान नसतो. सैतान शोधायचाच तर कारखान्याच्या हजेरीपटात शोधावा. १९४४ साली डायम्लर-बेंझच्या ६३,६१० कामगारांपैकी जवळपास निम्मे सक्तीने आणलेले परदेशी, युद्धकैदी किंवा छळछावणीतले बंदी होते. ही माहिती कंपनी आज स्वतःच देते. पुस्तकाचा विषय अमेरिकेतला प्रवास आहे, त्यामुळे तिथे त्याचा भर नाही. वाचणाऱ्याने हा आकडा पानाच्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवावा.

आणि एक मूळ प्रश्न, जो मला पुस्तकापेक्षा आपल्या कामासाठी जास्त मोलाचा वाटतो. ‘हिटलरची गाडी’ म्हणजे काय? हिटलर स्वतः गाडी चालवत नसे. चॅन्सेलरीच्या ताफ्यात एकाहून जास्त ७७० होत्या. आज ही, उद्या ती. गाडी सरकारी, ड्रायव्हर सरकारी, पेट्रोल सरकारी. आपण संस्थानी इतिहास लिहिणारे नेमके इथेच घसरतो. संस्थानाच्या मोटारखान्यात उभी असलेली प्रत्येक गाडी आपण ‘महाराजांची’ करून टाकतो. दरबारच्या खर्चाने घेतलेली, पाहुण्यांसाठी ठेवलेली, राणीसाहेबांची, दिवाणांची, आणि महाराजांनी खाजगीतून मागवलेली, या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. खातं वेगळं, रजिस्टर वेगळं. आपल्याला मात्र एकच विभक्ती येते, षष्ठी.

पटियालाच्या मेबाखची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. महाराजा भूपिंदरसिंग १९३५ मध्ये जर्मनीत गेले, हिटलरने त्यांना मेबाख भेट दिली, अशी हकिकत सगळीकडे सांगितली जाते. गाडीबद्दल वाद नाही. मेबाखचं झेपेलिन मॉडेल म्हणजे काही लहान प्रकरण नव्हतं. फ्रीड्रिशहाफेनला हवाई जहाजांची इंजिनं बनवणाऱ्यांनी काढलेली, बारा सिलिंडरची, जवळजवळ आठ लिटरची, २०० अश्वशक्तीची गाडी. बहुतेकींच्या बॉडी राफेन्सबुर्गच्या श्पोन या कारखान्यात बांधलेल्या. तशी एक पटियालात होती. पण ‘होती’ हे एक विधान आणि ‘अमक्याने दिली’ हे दुसरं. पहिल्याचा पुरावा म्हणजे लोखंड. दुसऱ्याला कागद लागतो, पत्र, पावती, जकातीची नोंद, काहीतरी. घराण्याची आठवण हा पुरावा मी फेकून देत नाही, पण लोखंडाच्या भक्कमपणावर तिला उभं करू नये. कोशेंचं काम वाचल्यावर पटियालाची हकिकत उतरवताना ‘असे सांगतात’ एवढे दोन शब्द तरी मी जोडीनच.

आता माझी चूक.

२०१० च्या सुमारास एका गृहस्थांकडे मी जायचो. त्यांचे वडील होळकरांच्या मोटारखान्यात मिस्त्री होते. काका ऐंशी ओलांडलेले, पण बोलणं खणखणीत. ते मला म्हणाले, ‘‘अरे, जर्मनच होती ती गाडी. मी लहानपणी बाबांच्या हातात पाने दिलेत तिच्यासाठी. सुरू झाली की शिट्टी मारायची.’’ शिट्टी म्हटल्यावर माझे कान टवकारले. सुपरचार्जर! मर्सिडीजचा सुपरचार्जर जोडला गेला की किंचाळतो, हे प्रत्येक मोटारवाल्याला ठाऊक. त्यानंतर काही महिन्यांनी दुसऱ्याच एका घरातल्या अल्बममध्ये मला एक फोटो मिळाला. लांबच लांब बॉनेट, दोन दारांची उघडी गाडी, आणि बॉनेटच्या बाजूतून बाहेर आलेले जाड लवचीक एक्झॉस्ट पाइप. फोटो बाजूने काढलेला, रेडिएटर अर्धवट दिसतोय. पाइप बघितले आणि मी ठरवून टाकलं. काकांची शिट्टी अधिक अल्बममधले पाइप, उत्तर मर्सिडीज. लेख लिहिला. मंडळात टाळ्याही झाल्या.

सहा-सात महिन्यांनी बडोद्याच्या एका वाचकाचं पत्र आलं. जुन्या गाड्या दुरुस्त करणारा माणूस. त्याने शांतपणे लिहिलं होतं की साहेब, असे पाइप फक्त जर्मन गाड्यांना नसतात. रेडिएटरचा जो भाग दिसतोय तो बघा. मर्सिडीजचा त्या काळातला रेडिएटर मधे टोकदार असतो, इथे टोक कुठंय? आणि पुढचा बंपर बघा, मधे चिमटलेला. ही ड्युझनबर्ग आहे. अमेरिकन.

बरोबर होतं. यशवंतराव होळकरांनी तिसाच्या दशकाच्या मध्यात सुपरचार्जर असलेली ड्युझनबर्ग घेतली होती, लंडनच्या गर्नी नटिंगने तिची बॉडी बांधली, आणि ती गाडी पुढे अमेरिकेत गेली. मोटारींच्या जगात ती प्रसिद्ध आहे, मला माहीतही होती! तरी फोटोत मला ती दिसली नाही, कारण मी आधीच जर्मन गाडी शोधायला बसलो होतो. तांत्रिक फरकही मला कळायला हवा होता. मर्सिडीजचा सुपरचार्जर रूट्स पद्धतीचा, गरज पडली तरच जोडला जाणारा. ड्युझनबर्गचा सेंट्रिफ्यूगल, पंख्यासारख्या चक्राचा, इंजिन फिरेल तसा सतत फिरणारा. काका म्हणाले होते, ‘सुरू झाली की’ शिट्टी मारायची. जोर लावल्यावर, असं ते म्हणाले नव्हते. हा शब्द माझ्या वहीत माझ्याच अक्षरात आहे. मी तो वाचला नाही, इतकंच. आता कोणी म्हणेल, मग काकाही ड्युझनबर्गबद्दलच बोलत होते. तेही मी म्हणणार नाही, एका शब्दावर तेवढं ओझं घालणं म्हणजे तीच चूक उलट्या बाजूने करणं.

पण खरी चूक त्याहून मोठी आहे आणि ती क्लारांचं पुस्तक वाचताना मला नीट कळली. काकांची आठवण आणि अल्बममधला फोटो या दोन वेगळ्या घरांतल्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. त्यांना जोडणारा एकही कागद माझ्याकडे नव्हता. फोटोच्या मागे ना गाव लिहिलेलं, ना साल. तो इंदूरला काढला की लंडनला, तेही कळत नाही. जोडणी मी केली, आणि मग ती जोडणी दोघांचाही पुरावा बनली. अझाराच्या गाडीचंही तेच झालं. इथे गोअरिंगचा शौक, तिथे वॅगनवरची भपकेबाज गाडी, मधला दुवा मनाचा.

पत्र घेऊन मी काकांकडे गेलो. जायला नको होतं, असं आज वाटतं. त्यांनी फोटो बराच वेळ डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, ‘‘ही ती नव्हेच. पण ती जर्मन होती.’’ मी वाद घातला. इंजिनिअरची सवय. ड्युझनबर्ग, अल्फा रोमिओ, बुगाटी, बेंटली, मी होळकरांच्या माहीत असलेल्या गाड्या बोटांवर मोजून दाखवल्या, यात जर्मन कुठली? ते गप्प झाले. दीड वर्षाने गेले. त्यांच्या मुलाने मला कळवलं, बाकी काही बोलला नाही.

त्यांचं म्हणणं खोटं ठरवायला माझ्याकडे काय होतं? प्रसिद्ध गाड्यांची यादी. मोटारखान्यातल्या सगळ्या गाड्यांची नव्हे. प्रसिद्ध गाड्या राहतात, कारण त्या विकल्या जातात, सजवल्या जातात, पुस्तकांत येतात. सामान वाहणारी, पाहुणे आणणारी, इंजिनिअर-कंत्राटदारांच्या दिमतीची गाडी कुठल्या पुस्तकात येणार? त्यातून तिसाच्या दशकातलं इंदूर. माणिकबाग राजवाडा एकार्ट मुथेसिउस या तरुण जर्मन वास्तुशिल्पीने बांधला, त्याचं फर्निचर, दिवे, काच, लोखंड युरोपातून आलं. (त्यातलं पुष्कळसं १९८० मध्ये माँटे कार्लोला सोथबीजच्या लिलावात गेलं. आज त्या वास्तूत सरकारी कर-खात्याचं ऑफिस आहे.) अशा गावात मोटारखान्यातल्या पोराला नवं, चकचकीत, कठीण ते सगळं ‘जर्मन’ वाटणं शक्य आहे. आपल्या आईला अॅल्युमिनियमचं भांडं ‘जर्मनचं’ वाटायचं, तसं. किंवा खरोखरच एखादी जर्मन गाडी असेलही. दोन्ही शक्यता मी उघड्या ठेवायला हव्या होत्या. मी एक लेखात बंद केली आणि दुसरी त्यांच्या ओट्यावर बसून.

पुस्तकाबद्दल शेवटचं. मंडळाच्या संग्रहात ते असावं असं माझं मत आहे. अमेरिकन मोटारींच्या किश्शांसाठी ते कोणीही वाचेल. आपण ते वस्तूच्या नावाची पाटी कशी लागते आणि कशी उतरते यासाठी वाचावं. इंग्रजी सोपं आहे, प्रवासात वाचून होतं. ज्यांना वेळ नाही त्यांनी जेनसची प्रकरणं भरभर उलटावीत आणि कोशे आला की थांबावं.

माझ्या २०१२ च्या लेखातली ओळ या आठवड्यात बदलतोय. जुनी ओळ खोडून तशीच दिसेल अशी ठेवणार आहे, खाली नवी: ‘ड्युझनबर्ग, सुपरचार्जरसह. स्थळ व साल अज्ञात. फोटो खाजगी अल्बममधून. मागील बाजू कोरी.’ काकांचं कथन त्या फोटोपासून वेगळं काढून स्वतंत्र टिपण म्हणून देतोय, त्यांच्याच शब्दांत, ‘सुरू झाली की’ सकट. शीर्षकात मर्सिडीज नाही. ‘मोटारखान्यातील एक जर्मन गाडी, एका मिस्त्रीच्या मुलाची आठवण’ असं ठेवलंय.